सोमारीबाईचा जावा

दुसऱ्यांचं शौच काचेवर घेऊन बघण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. जिवतीच्या डोंगरावरच्या एका सरकारी दवाखान्यात मी प्रयोगशाळेत काम करतो. बायकोचे भाऊ या कामावरून मला हसतात, हसू देत. पण पोटातल्या एका जंतूला मी अजूनही भितो. जिआर्डिया त्याचं नाव. काचेखाली तो दोन डोळ्यांच्या चेहऱ्यासारखा दिसतो आणि थेट आपल्याकडेच बघतो.

या उन्हाळ्यात तो सोमारीबाईच्या घरात शिरला.

सोमारी अकरा किलोमीटरवरच्या गोंड गुड्यातली, म्हणजे छोट्या वस्तीतली, अंगणवाडी मदतनीस. विधवा, पंचेचाळिशीची, तोंडाची फटकळ. पोराचं नाक वाहताना दिसलं की आधी त्याच्या आईला शिवी, मग पोराला पदर. तिचा धाकटा भाऊ वारलू आणि भावजय करिष्मा मिरची तोडायला तेलंगणात गेले, तेव्हा तीन वर्षांची निशा तिच्या कडेवर देऊन गेले. "जशी देली तशी वापस देईन," असं तिनं गाडी सुटताना सांगितलं होतं.

महिनाभरात निशाचं पोट बिघडलं. ताप नाही, रक्त नाही. नुसतं फेसाळ, तेलकट, घाणेरड्या वासाचं शौच आणि फुगलेलं पोट. मी काच लावली तर तोच चेहरा. डॉक्टरांनी औषध दिलं, सोमारीनं एकही वेळ न चुकवता पाजलं, पोर खेळायला लागली. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. अंगणवाडीतली दंड मोजायची पट्टी हिरव्यावरून पिवळ्यावर आली, आणि पिवळ्यावरूनही खाली सरकत चालली. लालवर गेलेली दोन पोरं मी त्याच गुड्यात पाहिली होती. त्यांतलं एक आज नाही.

मी चिडून तिच्या घरी गेलो. विहिरीत टाकतो तेवढ्या पावडरनं या जंतूचं कवच फुटत नाही, पाणी खळखळ उकळावंच लागतं, हे मी तिला तीनदा बजावलं होतं. तिनं मला हात धरून चुलीशी नेलं. उकळलेल्या पाण्याची घागर झाकलेली, लांब दांड्याचा ओगराळा खुंटीला, हात धुवायला साबण. माझ्या घरी नसेल एवढी टापटीप.

"आता कुठी चुकलं, सांगा शफीभाऊ," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता, आणि सोमारीला रडताना कोणी पाहिलेलं नव्हतं.

मग तिनं मला जावा दिला. जावा म्हणजे कण्या शिजवून रात्रभर आंबवलेली पातळ आंबील. उन्हाळ्यात अख्खा गुडा त्याच्यावर जगतो. मोहफुलं वेचायला आया रानात गेल्या की त्यांची पोरं सोमारीच्या दारात बसतात, आणि दुपारी ती नऊही पोरांना जावा वाढते. मी दोन वाट्या प्यायलो. पाणी मात्र माझ्याच बाटलीतलं प्यायलो, मी शहाणा ना!

दहा दिवसांनी मला सडक्या अंड्यासारखे ढेकर सुरू झाले. मी स्वतःचीच काच लावली. दोन डोळे माझ्याकडे बघत होते.

त्या गुड्यात मी पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मग हे आलं कुठून? मग त्या दोन वाट्या जावा आठवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी मोटारसायकल काढली.

पोचलो तेव्हा पोरं रांगेत बसली होती. सोमारी दाटलेला जावा सैल करत होती. एका काळ्या मडक्यातून तिनं गार पाणी ओतलं, कालवलं आणि वाटी भरली.

"हे पानी कोणतं?"

"झिऱ्याचं. नाल्यातल्या रेतीतलं. गोड रायते."

ज्या उतारावर सगळा गुडा पहाटे डबा घेऊन जातो, त्याच्याच पायथ्याला तो झिरा आहे.

"अवो, मी उकळायले सांगतलं होतं ना!"

"पेयाचं उकळतो ना जी. ह्यो त जावा हाये. उकळल्या पान्यानं जाव्याची चव जाते."

ती बोलता बोलता थांबली. हातातली वाटी निशाची होती. पोर अशक्त म्हणून तिला रोज सगळ्यांपेक्षा एक वाटी जास्त मिळायची. सोमारीनं वाटीकडे पाहिलं, मग नऊ पोरांकडे, आणि मडकं उचलून दगडावर आपटलं. मला स्वतःचाच राग आला. पाणी विचारत बसलो, जावा कधी विचारलाच नाही.

त्या दिवशी पट्टी लालवर होती. निशाला आम्ही चंद्रपूरला हलवलं. उरलेल्या आठ पोरांच्या काचा मी लावल्या. सहांवर तोच चेहरा होता.

पाचव्या दिवशी वारलू आणि करिष्मा थेट चंद्रपूरच्या दवाखान्यात आले. सलाइन लावलेल्या पोरीला पाहून करिष्मा खाली बसली. वारलूनं बहिणीचे पाय धरले.

"बाई, तू होती म्हणून माही पोर जित्ती हाये."

सोमारीनं पाय मागे घेतले. "नाई रे. माह्याच हातानं झालं. माह्याच जाव्यातून."

वारलू तिच्याकडे बघत राहिला. खाटेवर निशानं डोळे उघडले. आईबापाकडे तिनं पाहिलंच नाही.

"आत्या," ती म्हणाली, "जावा दे."

सोमारीनं दोन्ही हात पदराखाली लपवले.