ओमानचा गूळ

रंजिता राठोड पहिलीत माझ्याकडे आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तांडा बंजाऱ्यांचा, तिथं सगळे गोरबोली बोलतात, मराठी त्यांच्याकडे शाळेच्या दारातून येते. मी ‘पाटी काढा’ म्हटलं की ही शेजारणीकडे बघायची आणि शेजारीण जे काढेल तेच काढायची. दिवाळीनंतर मात्र तीच मला बाकीच्या पोरांचं बोलणं मराठीत करून सांगायला लागली, तेही स्वतःची भर घालून. कोणी नुसतं पाणी मागितलं तरी ही सांगायची, “बाई, त्याला पाणी पाहिजे, पण तो खरं म्हणजे कंटाळला आहे.”

दिग्रसहून अर्ध्या तासावरच्या त्या तांड्यावर मी नोकरीची बरीच वर्षं काढली. नाव माझं इंदू, गावात इंदुताई म्हणतात, तांड्यावर मात्र नुसती ‘बाई’. निवृत्त झाल्यावरही बाईच. माझी जीभ तिखट आहे असं आमचे विठ्ठलराव लग्नापासून सांगत आले आहेत. इतक्या वर्षांत त्यांना सवय व्हायला हवी होती, ती झाली नाही त्याला मी काय करू?

रंजिता बारावीनंतर यवतमाळला नर्सिंग शिकली आणि तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात लागली. तिच्या खोलीवर नेरची अर्पिता नावाची मुलगी होती, तीही नर्सच. दोघींनी मोबाइलवर जर्मन शिकायला सुरुवात केली. रात्रपाळी करून आल्या की कपडे वाळत घालता घालता त्या भाषेतली क्रियापदं घोकायच्या. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “अगं, आधी झोपत जा.” दोघींनी परीक्षा दिली. अर्पिता पास होऊन जर्मनीला गेलीही. रंजिता एका भागात नापास झाली, बोलण्याच्या.

“चुकलं काय?” मी विचारलं.

“बाई, त्या मॅडमनं विचारलं, या विषयावर तुमचं मत काय? मी दोन्ही बाजू सांगितल्या. त्या म्हणल्या, तुमचं मत सांगा. मले सुचलंच नाही. मले कधी कोणी मत इचारलंच नव्हतं.”

तांड्यात मुलीला मत विचारायची पद्धत नाही, हे खरं. पण मुलींचं मत विचारण्यात आमच्या शाळेनं फार दिवे लावले होते असंही नाही. तिनं त्या एका भागाची परीक्षा पुन्हा दिली, पण यावेळी मनात फारशी आशा नव्हती. दरम्यान नागपूरला ओमानच्या एका दवाखान्यासाठी मुलाखती होत्या. मैत्रिणींबरोबर हीपण गेली. तिथं कोणी मत विचारलं नाही, सलाइन कसं लावतेस ते विचारलं. तिची निवड झाली. तिनं बसमधूनच घरी फोन केला.

तिच्या वडिलांनी, धावजीभाऊंनी, त्यानंतर जे केलं त्यानं हा सगळा घोळ झाला. बंजाऱ्यांमध्ये सोयरीक पक्की झाली की सगळ्यांसमक्ष गूळ वाटतात. तांड्यानं गूळ खाल्ला म्हणजे शब्द पक्का, मग तो कोणी फिरवायचा नाही. पोरीची सोयरीक असो की बांधाचा तंटा मिटलेला असो, गुळापुढे कागद लागत नाही. धावजीभाऊंनी दुसऱ्याच दिवशी मंदिरापुढे तांडा जमवला, पोरगी ओमानला चालली म्हणून सांगितलं आणि परात फिरवली. नोकरीसाठी गूळ वाटल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. पेढे वाटा, कोण नको म्हणतं? पण त्यांनी गूळ वाटला आणि तांड्यानं तो खाल्ला. रंजिता तेव्हा यवतमाळला ड्युटीवर होती.

आठवडाभरानं जर्मनचा निकाल लागला. ती पास झाली होती.

तिनं हे घरी सांगितलं नाही. रविवारी ती सरळ माझ्याकडे दिग्रसला आली. चहा समोर ठेवला तरी कप उचलेना.

“कोणत्या देशात जावं, बाई?”

“मला काय विचारतेस? मी नागपूरच्या पुढे गेले नाही.”

“ओमानात भाषेचा त्रास नाही. हिंदीत चालून जाते म्हणतात. वर्षाले सुट्टी भेटते, घरी येता येते. तिकडं जर्मनीत आधी हाताखाली काम करा लागते, मंग आपली डिग्री मानतात. अर्पिता म्हणते, पयला हिवाळा रडण्यातच जाते.”

“मग ओमानला जा. गूळही खाल्लाय लोकांनी.”

तिनं कप बाजूला सारला. मग म्हणाली, “पण मले जर्मनीले जायचं हाय.”

“का?”

“ओमानात दोन वर्षांनी कागद नवा करा लागते. त्याईनं केला तर राहा, नाहीतर सामान भरा. मले कुठंतरी असं राहायचं हाय, का कोणी उठ म्हणणार नाही. इथं खोलीमालक उठवते, होस्टेलवाले उठवत होते, अन् लग्न झालं का घरातूनबी उठाच लागते.”

मी तिला पहिलीपासून ओळखते, पण हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, पोरगी पगारासाठी धडपडते आहे. म्हटलं, “हे घरी सांग. मला सांगून काय उपयोग?”

तिनं सांगितलं. धावजीभाऊ तसेच उठले म्हणे. चप्पल घालून ते हेमला नाईकांकडे गेले. हेमला नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख. वय झालेलं, पण आवाज अजून पहिल्या बेंचवरून शेवटच्या बेंचपर्यंत जाईल असा. त्यांनी नसाब बोलावली, म्हणजे तांड्याची पंचायत. रंजितानं मला फोन केला, “बाई, या.” विठ्ठलराव म्हणाले, “तू तिथं बोलू नको.” मी म्हटलं, “मी पाहुणी आहे, कशाला बोलू?” ते हसले, मला ते हसणं आवडलं नाही.

सकाळी मंदिरापुढच्या ओट्यावर पुरुष बसले, बाया मागे लिंबाखाली. मी बायांत, रंजिता आणि तिची आई बसंतीबाई यांच्या मधे. बोलणं गोरबोलीत आणि वऱ्हाडीत असं मिसळून चाललं होतं. मला गोरबोली कळते, पण लिहिता येणार नाही, म्हणून सगळं वऱ्हाडीतच सांगते.

“धावजी, तू गूळ कायचा वाटला होता?” नाईकांनी विचारलं.

“ओमानचा.”

“अन् आता पोरगी कुठं म्हणते?”

“जर्मनी.”

लखन मधे बोलला. लखन दोन वर्षं मस्कतला सेंट्रिंगच्या कामावर राहून आलेला, त्यामुळे परदेश या विषयावर तांड्यात त्याच्यापुढे कोणी बोलत नसे. “नायक, ओमान मी पाह्यलं हाय. चांगला मुलूख हाय. जर्मनी इथं कोणी पाह्यलं? अन् दुसरी गोष्ट, आज गूळ खाऊन शब्द फिरवला तर उद्या सोयरिकीतबी फिरवतीन. मंग गुळाले कोण मानन?”

हे बोलणं वाह्यात नव्हतं. माना हलल्या, माझीसुद्धा हलली असती. गुळावर त्या तांड्याची लग्नं उभी आहेत आणि बांधावरचे समेटही.

तेवढ्यात माझ्या शेजारून बसंतीबाई बोलल्या. त्या जागेवरून उठल्या नाहीत, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला तसाच होता. “माह्या पोरीनं तो गूळ खाल्लाच नाही. ते यवतमाळले होती.”

ओट्यावरून एक म्हातारा म्हणाला, “सोयरिकीच्या टायमाले पोरीले कोणी गूळ देते का? आपसात बाप लोकच खातात.”

“देत नाही,” बसंतीबाई म्हणाल्या. “तेच तर सांगून राह्यली मी.”

लिंबाखालच्या बाया हसल्या नाहीत, पण बांगड्या वाजल्या. मला टाळी द्यावीशी वाटली. बसंतीबाईंना मी पालकसभेत कधी तोंड उघडताना पाहिलं नव्हतं. सगळं दप्तर, सगळे प्रश्न धावजीभाऊंकडेच असायचे.

हेमला नाईकांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, “पोरीले पुढं येऊ द्या.”

रंजिता उठून ओट्यापुढे गेली. दवाखान्यात उभी राहते तशी सरळ उभी राहिली, हात मागे बांधून.

“तुले कुठं जायचं हाय?”

“जर्मनीले.”

“काहून?”

“तिथं राहता येते म्हणून.”

“मंजे परत येनार नाही?”

इथं मी बसल्या जागी पुढे सरकले. ‘येईन’ एवढंच म्हणायचं होतं. नाईकांनी तिला दार उघडून दिलं होतं, आत पाऊल टाकायचा अवकाश. सगळा तांडा सुटकेचा श्वास टाकून घरी जेवायला गेला असता. मी मनात म्हणत होते, म्हण बाई, येईन म्हण, कोण बघायला येणार आहे.

“मले माहीत नाही, नायक,” रंजिता म्हणाली. “येईनबी, नाहीबी. खोटं कायले सांगू?”

ओट्यावर कुजबुज सुरू झाली. मग धावजीभाऊ उठले. धावजीभाऊ तरुणपणी दरवर्षी ऊसतोडीला जायचे. कोयता घेऊन दिवाळीनंतर जायचं आणि पेरणीच्या आत परत यायचं. जाणं म्हणजे त्यांच्या लेखी असं होतं. ते नाईकांकडे बघून बोलू लागले.

“मी गूळ घाई करून वाटला. तिचा दुसरा निकाल येनार हाय हे मले माहीत होतं. मले ओमानच पाह्यजे होतं. ओमानात कोणाले कायमचं ठेवत नाही. काम झालं का तेच वापस धाडून देतात.”

रंजिता वळली. “मंजे बापू, तुमचा माह्यावर भरवसा नव्हता. त्याईच्या कायद्यावर होता.”

धावजीभाऊंनी आता तिच्याकडे पाहिलं. “व्हय,” ते म्हणाले.

मला त्या माणसाचा राग आला होता, गेला आठवडाभर मी विठ्ठलरावांपुढे त्यांना नाही नाही ते बोलले होते. त्या एका ‘व्हय’नं माझा राग गेला आणि त्या जागी काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. वाईट वाटलं एवढं खरं. दोघांचंही.

नाईकांनी निकाल द्यायला वेळ लावला नाही. “पोरगी जिथं म्हणते तिथं जाईन. गूळ तिनं खाल्ला नाही, शब्द तिचा नव्हता. शब्द धावजीचा होता अन् धावजीनं तो मोडला, त्याले दंड लागन. त्यानं पुन्हा गूळ वाटाचा. इथं जमवून नाही, घरोघरी जाऊन, एकटं. अन् दारात उभं राहून सांगाचं का माही पोरगी जर्मनीले चालली, परत येते का नाही मले माहीत नाही. दोन्ही सांगाचं. अर्धं सांगून परात पुढं करशीन तर कोणी गूळ घेनार नाही.”

“याच्यापेक्षा बकरं कापा लावलं असतं तर बरं होतं,” लखन पुटपुटला. त्यालाही ते जड गेलं असावं.

दुपारच्या आत धावजीभाऊ गुळाच्या भेल्या फोडून परात घेऊन निघाले. आम्ही तिघी घरात बसलो. बसंतीबाईंनी भाकरी टाकायला घेतल्या, रंजिता तुरीच्या शेंगा सोलत होती. तांड्यातली घरं जवळजवळ, दारं उघडी, त्यामुळे पलीकडच्या ओळीतलंही ऐकू येत होतं. पहिल्या दारात त्यांचा आवाज फुटेना. बबिता नावाची सून होती, तिनं ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, बिचारीला पुन्हा सांगायला लावायचं नव्हतं. त्यांनी पुन्हा सांगितलं. पुढच्या दारात कोणीतरी म्हणालं, “येईन हो पोरगी, काहून नाही येणार?” त्यावर धावजीभाऊ म्हणाले, “ते मले माहीत नाही. गूळ घ्या.” एका घरी चहा देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. हळूहळू आवाज मोकळा होत गेला. रंजिता शेंगा सोलायची थांबली होती, दाणे आणि टरफलं एकाच सुपात पडली होती.

आमच्या शेजारच्या घरापर्यंत ते आले. तिथलं आटोपलं, पावलं ऐकू आली. बसंतीबाईंनी तवा उतरवला आणि जेवायचं पान वाढायला घेतलं. पण धावजीभाऊ आत आले नाहीत. ते स्वतःच्याच दाराबाहेर थांबले आणि त्यांनी कडी वाजवली.

“कोण?” बसंतीबाईंनी सवयीनं विचारलं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं.

नाईकांनी घरोघरी म्हटलं होतं. हेही घरच होतं.

धावजीभाऊंच्या हातातल्या परातीत थोडाच गूळ उरला होता, उन्हानं पाघळलेला. त्यांनी रंजिताकडे पाहिलं.

“माही पोरगी जर्मनीले चालली,” ते म्हणाले. “परत येते का नाही, मले माहीत नाही. गूळ घ्या.”

रंजिता उंबऱ्यापाशी गेली. दोन्ही हात पुढे करून तिनं गूळ घेतला आणि तिथंच उभी राहून सगळा खाल्ला. तिचं खाऊन होईपर्यंत धावजीभाऊ बाहेर उन्हात उभे होते.