दोन खाचांची पेटी

“यात तुमचा जीव कशात आहे?”

दुरुस्तीला आलेला लॅपटॉप हातात घेतला की ताईंचा पहिला प्रश्न हाच असायचा. बिघाड काय, किती जुना, हे सगळं नंतर. नाशिकच्या सिडकोतल्या त्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडकीला त्यांनी एक फळी ठोकून घेतली होती. आपण बाहेर उभं राहायचं, त्या आत स्टुलावर. प्रश्न ऐकून माणसं गडबडायची. एक टेम्पोवाले म्हणाले, मुलीच्या बारशाचे फोटो. एका निवृत्त गृहस्थांनी बराच विचार करून सांगितलं, पत्त्यांचा डाव. ताईंनी तेही चिठ्ठीवर गंभीरपणे लिहून घेतलं आणि लॅपटॉपला चिकटवलं.

अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं सर्किटच्या पट्ट्या जोडल्या होत्या. कारखाना बंद पडल्यावर घरी बसवेना, म्हणून ही खिडकी. जुन्या लॅपटॉपला नवा जीव द्यायचं काम त्यांना सगळ्यात आवडे. “जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते मॅडम, थकते ती. एसएसडीत फिरायचं काहीच नाही.” आमच्या शाळेतल्या एका बाईंचा लॅपटॉप सुरू होईस्तोवर आमचा चहा पिऊन व्हायचा. ताईंनी त्यात एसएसडी बसवली. बाईंनी बटण दाबलं, चहाचा कप उचलला आणि तो तसाच खाली ठेवला. पडदा उजळून लॅपटॉप तयार होता. दुसऱ्याच दिवशी मी माझा घेऊन खिडकीशी उभी राहिले.

माझा जीव कशात आहे ते मला विचार न करता सांगता आलं. नाशिकला बदली होण्याआधी मी बारा वर्षं सुरगाण्याकडे शिकवत होते. तिथल्या बायका रानभाज्यांबद्दल बोलायच्या ते मी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. कुर्डू कुठे उगवतो, शेवळं कशात शिजवली म्हणजे घशाला खाज येत नाही, कडूकंदाच्या चकत्या वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या. कधीतरी त्याचं पुस्तक करायचं होतं. दुसरीकडे कुठे ठेवलंय का, असं ताईंनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘आवाज’.

डिस्क कट-कट करत होती. कधीही जाईल, असं त्यांनी मला आधीच सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. आधी कधी घरी आल्या नव्हत्या. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“मॅडम, डिस्क मेली नाही. मी मारली.”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे दोन खाचांची एक पेटी होती. पुढच्या खाचेत जुनी डिस्क, मागच्या खाचेत नवी. बटण दाबलं की पुढचं सगळं मागे उतरतं. शेकडो वेळा केलेलं काम. आदल्या रात्री त्यांनी नवी पुढे घातली आणि जुनी मागे. रिकामी डिस्क माझ्या भरलेल्या डिस्कवर उतरली. सकाळी लक्षात आल्याबरोबर हरवलेला मजकूर काढून देणाऱ्या माणसाकडे त्या ती घेऊन गेल्या होत्या. त्याने तपासून हात वर केले होते.

गॅसवर दूध होतं. मी आत गेले, गॅस बंद केला, आणि ओट्याला धरून उभी राहिले. बाहेर आले तर त्या तशाच उभ्या. मी म्हटलं, “तुम्ही जा आता.”

आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. रागाच्या भरात एक गोष्ट मात्र मनातून जाईना. डिस्क आपोआप गेली असं त्या म्हणाल्या असत्या, तर मी मुकाट मान हलवली असती. जगात कुणालाही कधी कळलं नसतं. हे आठवलं की मला त्या चुकीपेक्षा मोठा धक्का बसायचा.

मग एका संध्याकाळी त्या पुन्हा आल्या. हातात वही. गावं कुठली, बायका कोण, ते त्यांना लिहून हवं होतं. “रविवारी माझी खिडकी बंद असते. मी येते तुमच्याबरोबर.”

त्या आषाढ-श्रावणात आम्ही पाच रविवार एसटीने सुरगाण्याला गेलो. बस लागते म्हणून ताई पूर्ण वेळ तोंडात आवळा धरून बसायच्या. पण गावात उतरल्यावर त्यांची कळी खुलायची. मी इतकी वर्षं भाजीचं नाव आणि कृती विचारत होते. ताई विचारायच्या, “तुला कोणी शिकवलं गं हे?” आणि समोरची बाई तासभर बोलत राहायची.

चौथ्या रविवारी आम्ही एका म्हाताऱ्या आजींच्या घरी गेलो. माझ्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांचं बोलणं सर्वांत लांब होतं. बोलता बोलता त्या हसायच्या, खोकायच्या, नातवंडांना रागवायच्या. दारात त्यांची सून होती. आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या, असं तिने सांगितलं.

मी पुढे काही बोलायच्या आत ताई खाली बसल्या आणि त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं. तुझ्या सासूचं बोलणं या मॅडमनी जपलं होतं, माझ्या हातून ते पुसलं गेलं, मला माफ कर.

सून रागावली नाही. ती ताईंकडे बघतही नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“आवाज व्हता तिचा? तुमच्याकडं?”

मी हो म्हटलं.

“आमाला कदी ऐकवला नाय.”

आजी गेल्यानंतरची दोन वर्षं तो आवाज नाशिकला माझ्या लॅपटॉपमध्ये होता. या घराला त्याची गरज असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पुसला ताईंनी, पण दिला तर मीही नव्हता. मी आजवर ताईंवर धरलेला राग तिथे त्या शेणाने सारवलेल्या ओसरीवर कुठे ठेवावा तेच मला कळेना. सुनेने आम्हाला नागलीची भाकरी आणि कवळीची रानभाजी वाढली. ताई जेवल्या. मी भाकरीचे तुकडे करत बसले.

परतताना बसमध्ये ताई एवढंच म्हणाल्या, “आता जे मिळेल ते त्यांना आधी द्यायचं.” पुढच्या रविवारी जाताना त्यांनी मेमरी कार्डं भरून नेली. जिचं बोलणं, तिच्या घरच्या मोबाइलमध्ये ते स्वतः घालून, वाजवून दाखवून मगच उठल्या.

त्यानंतर दोन वर्षं आमची चांगली मैत्री राहिली. मग एका मंगळवारी मी भाजी घेऊन येताना त्यांनी खिडकीतून हाक मारून मला पपई दिली. गुरुवारी सकाळी फोन आला, त्या झोपेतच गेल्या.

तेराव्यानंतर त्यांच्या यजमानांनी मला बोलावलं. घरात लोकांचे सात लॅपटॉप होते. ते ज्याचे त्याला पोचवायचे होते आणि ताईंचं अक्षर त्यांना लागत नव्हतं. मी चिठ्ठ्या वाचल्या. त्यांच्या स्कूटरवरून आम्ही दोघांनी सहा लॅपटॉप घरोघरी पोचवले. सातवा उघडाच होता. मागचं झाकण काढलेलं, नवी एसएसडी शेजारी. तसा कसा द्यायचा, म्हणून आम्ही तो मेन रोडवरच्या एका मोठ्या दुकानात नेला. तिथल्या माणसाने मान वर न करता एसएसडी बसवली, झाकण लावलं, चालू करून दाखवलं. दहा मिनिटं लागली असतील. यजमान पूर्ण वेळ त्याच्या हातांकडे बघत होते.

बाहेर येऊन त्यांनी लॅपटॉप स्कूटरच्या पुढच्या जागेत नीट उभा ठेवला.

“हिला यालाच दोन-दोन तास लागायचे,” ते म्हणाले. मग किल्ली लावता लावता थांबले. “बोलत बसायची ना माणसांशी.”