उपाशी ठेवलेलं यीस्ट

ताई नांदुऱ्याहून रेल्वेनं कॉलेजात जायची. आमचा भाजीचा मळा होता आणि घरात विज्ञान शिकणारी ती पहिलीच. शेवटच्या वर्षी तिनं जिलबीवाल्याकडून थोडं आंबवण मागून आणलं. त्यातलं यीस्ट तिनं साध्या पाण्यात उपाशी ठेवलं. उपाशी पेशीतली रिक्तिका, म्हणजे आतली पिशवी, फुगून एकच मोठी होते. शनिवारी तिला ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून बाटली घरी आली.

बाटलीत काय आहे, हे आईनं खोदून खोदून विचारलं. आमच्याकडे मुंग्यांनाही पीठ घालायची रीत होती.

"जितं हाय म्हंतं, मंग उपाशी काऊन ठेवतं त्याले?"

ताईनं समजावून सांगितलं. आईनं मान डोलावली आणि सोमवारी सकाळी, ताई वेणी घालत असताना, बाटलीत गूळ टाकला.

कॉलेजात तिनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर पेशीतल्या मोठ्या पिशवीच्या जागी लहान लहान पिशव्या झाल्या होत्या. गुळाचा खडा अजून तळाशी होता. प्राध्यापक रागावले नाहीत. ते म्हणाले, इतक्या लवकर नवी प्रथिनं तयार होणं कठीण; असलेल्याच प्रथिनांना फॉस्फेट चिकटत किंवा सुटत असावं आणि त्यानं पिशवीचं वागणं बदलत असावं. ही अटकळच. खरं काय ते शोधायचं तर नागपूरला जाऊन पुढं शिकावं लागेल.

ताईनं ते घरी सांगितलं. वडील वांगी निवडत होते.

"नागपूरले तुह्या मायले धाड. प्रयोग तर तिनंच केला."

सगळे हसले. तोवर सुलतानपूरचं स्थळ आलं होतं. परीक्षा झाली आणि लग्न झालं.

पुढं मी वर्तमानपत्रात लागलो. एकदा परदेशातली बातमी आली: यीस्टमधल्या प्रथिनांना फॉस्फेट जोडलं की पेशीतल्या भागांचं काम बदलतं. सुलतानपूरला गेलो तेव्हा ती ताईला सांगितली. ती मिरचीच्या वाफ्यात उभी होती. फॉस्फेट कोण जोडतं आणि कोण काढतं, असं तिनं विचारलं. बातमीत तेवढं नव्हतं. मग तिनं नागपूरच्या प्रवेशाच्या वयाची अट विचारली. तीही मला माहीत नव्हती.

"आता गेली तर घेतीन का बे मले?"

बांधावर बसलेले तिचे यजमान हसले. ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती.