थोरली की धाकटी

निपाणीपासून बेळगावापर्यंत त्या काळी जेवढा गोंधळ होता, त्यातला बारा आणे एकट्या आमच्या आत्याच्या यजमानांनी घातलेला होता. उरलेला चार आणे सरकारचा.

त्यांना सारा बाजार आप्पा म्हणे. तंबाखूचे दलाल. मी त्यांच्या गादीवर लिखापढी करी. पान नाकाशी नेलं की ते कुठल्या शिवारातलं हे तर आप्पा सांगतच, पण त्या शिवाराच्या मालकाचं बायकोशी पटतं की नाही हेही सांगत. मात्र समोर दोन वस्तू आल्या की माणूस संपला. एका पायात कोल्हापुरी आणि दुसऱ्यात पंपशू घालून ते वरातीत मिरवलेले मी पाहिले आहेत. कोल्हापूरला जायला दोन मोटारी एकदम उभ्या दिसल्या, तर ट्रंक एकीत टाकून हे दुसरीत बसत, आणि वाटेत मोटारी शेजारी आल्या की ट्रंकेला हात करत.

अशा माणसाला नेमबाजीचा नाद. बेळगावच्या लष्करी कॅम्पात पिस्तुलाची स्पर्धा होई, तिच्यात त्या वर्षी आम्हा बाहेरच्या लोकांनाही मुभा मिळाली. पिस्तूल एकच वापरायचं, आणि कुठलं ते शनिवारी अर्जात लिहून द्यायचं. मग बदल नाही. ओळखीच्या दुकानदाराने पारखायला दोन दिली, दोन्ही सबंध पोलादी. एक लांब नळीचं, जड, चाप ताठ. दुसरं आटोपशीर, चाप लोण्यासारखा, पण उडवलं की उसळी मारणारं. आप्पांनी पहिल्याचं नाव थोरली ठेवलं, दुसऱ्याचं धाकटी, आणि आठ दिवस घरात वधूपरीक्षा मांडली. सकाळी थोरली पसंत, दुपारी धाकटी, संध्याकाळी दोघींनाही नकार.

शेवटी आत्याला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "कुठलंबी घ्या की. गोळी तिला जायचं तिकडंच जाणार."

बोरगावच्या मळ्यात सराव झाला. भोपळ्यावर नेम धरलेली गोळी तंबाखूच्या वखारीत शिरली, आणि पुढे तीन दिवस बोरगावची कुत्रीसुद्धा भुंकण्याआधी शिंकत होती. शेजारचे पेन्शनीत निघालेले सुभेदारही या स्पर्धेत होते. ते कट्ट्यावरून म्हणाले, "आप्पा, तंबाखू चोळणारी बोटं ही. चाप वडायचं काम न्हाय त्यांचं."

आप्पा एरवी हसले असते. "ह्या बोटांवर निम्मा बाजार चालतोय, सुभेदार," ते म्हणाले. "स्पर्धा हुंदे, मग बोला."

शनिवारी कॅम्पातल्या कचेरीत अर्ज भरायला मी बसलो. सुभेदार समोरच्याच बाकावर. आप्पा वाकून माझ्या कानात म्हणाले, "त्याला कळाय नगं. उपरण्याखाली सांगतो. एक बोट दाबलं तर थोरली, दोन दाबली तर धाकटी."

आमच्या सौद्याची हीच रीत. भाव तोंडानं कुणी बोलत नाही. उपरण्याखाली हातात हात धरायचा आणि बोटं दाबून सांगायचं. आप्पांची बोटं असली बोलकी, की मुक्यानेही त्यांच्याशी वाद घातला असता.

त्यांनी हातावर उपरणं टाकलं. एक बोट दाबलं गेलं. मग दोन. मग पुन्हा एक. मग चारही बोटं पिंपळाच्या पानासारखी माझ्या तळव्यावर थरथरत राहिली. मी वर पाहिलं. चेहरा मात्र पक्क्या दलालाचा, स्वस्थ.

"कळलं का रं?"

"व्हय, आप्पा."

मी थोरली लिहिली. जड असेल ते जरा कमी हलेल, एवढंच मला सुचलं.

स्पर्धेत आप्पांच्या दहा गोळ्यांपैकी दोन लागल्या. त्यातली एक शेजारच्या लक्ष्याला. सुभेदार मिशीला हात लावत पुढे आले, तसे आप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यानं घोळ घातला. मी धाकटी सांगिटलीती."

"व्हय, सुभेदार," मी म्हणालो. "माझीच चूक झाली."

त्या हंगामापासून सौद्यात उपरण्याखाली आप्पांच्या ऐवजी माझा हात जाऊ लागला. आप्पा मागे लोडाला टेकून पान हुंगत, शिवार सांगत, आणि गिऱ्हाईक आलं की हटकून ती गोष्ट काढत, "धाकटी असती तर…" मी मान खाली घालून हो म्हणे. आता आप्पा नाहीत. बाजारात जुनी माणसं मला अजून चुकीचं पिस्तूल लिहिणारा म्हणूनच ओळखतात, आणि आजवर मी ते नाकारलेलं नाही.