टोल्युइनचा वास

राजापेठेतल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. माझ्या टर्बो गाडीचं इंजिन चढावर खडखडायचं. टोल्युइननं पेट्रोलचं ऑक्टेन वाढतं आणि खडखड जाते, असं एका व्हिडिओत बघून मी रंगाच्या दुकानातून ते थिनरसारखं द्रावण आणलं आणि टाकीत ओतलं. खडखड थांबली, पण बोनेटमधून वास सुरू झाला. गाडी मिस्त्रीकडे नेली, पण टोल्युइनचं मी त्याला सांगितलं नाही.

त्याचे हात क्षणभरही स्वस्थ नव्हते. पेट्रोलच्या नळीवरून चिंधी फिरवून त्यानं ती माझ्या नाकाशी धरली.

"सांगा, कायचा वास येऊन राहिला?"

"पेट्रोलचा," मी म्हणालो.

"मंग ठीक हाये, थिनर असतं तं नळीच सडली असती. पोट्ट्यांच्या गाड्यांत थिनर, टोल्युइन ओतू ओतू माह्यं नाक गेलं, साहेब. आता गिऱ्हाइकाच्या नाकावर भरवसा ठेवतो."

त्यानं नळीची क्लिप आवळली आणि बोनेट लावलं. मी पैसे दिले आणि निघालो.

अकोल्याच्या वाटेवर काचा उघड्या टाकून मी सारखा वास घेत होतो. मूर्तिजापूर मागे पडलं आणि वास येईनासा झाला. गळती थांबली की माझं नाक गेलं, हे सांगायला गाडीत दुसरं कोणी नव्हतं.