तुमच्या समाजाचे लोक येतील ना?

बाबांना उचलायला चौथा माणूस मिळेना. मी, शेजारचे शर्माजी आणि त्यांचा मुलगा, एवढेच. मामाचं विमान उशिरा येणार होतं. तेवढ्यात आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आले. मला हायसं वाटलं. ते बूट न काढता दारातच उभे राहिले, हार माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमच्या समाजाचे लोक येतील ना? तुमचे विधी वेगळे असतात, म्हणून आम्ही मध्ये पडत नाही."

आणि गेले. खाली गाडी चालूच ठेवली होती.

शेवटी सोसायटीचा गार्ड पुढे झाला. "दीदी, इधर से मैं उठाता हूँ."

आम्ही बौद्ध. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन गाझियाबादला आले आणि इथलेच झाले. इथे कुणाचेच नातेवाईक जवळ नसतात. म्हणून मंडळाची रीत आहे. कुणाकडे मयत झालं की पुरुष खांद्याला येतात, बायका पिठलं-भात घेऊन. बाबा तर सगळ्यांकडे जायचे. बांबू आणायला बाबा. हिंडन घाटावर लाकडं रचायला बाबा. दाखल्यासाठी खेटे घालायला बाबा. अध्यक्षांची आई गेली तेव्हा तिरडी पुढून धरली होती ती बाबांनीच. तेव्हा बरा नाही कुणाला समाज आठवला!

आम्ही घाटावरून परतलो. बेल वाजली की आई दाराकडे बघायची. "येतील गं. लांबून यायचं असतं बायकांना." संध्याकाळ झाली. शर्मा आंटींनी राजमा-चावल आणून दिला. मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती, दारात मात्र कुणी नाही. आईचं ते वाट बघणं मला आजही सहन होत नाही.

यंदा अध्यक्षपदाची निवडणूक लागली. मी अर्ज भरला. लगेच अध्यक्षांचा फोन. "बेटा, तू सांस्कृतिक समिती घे ना. निवेदन छान करतेस. अध्यक्षपद म्हणजे नुसती कटकट." आईसुद्धा म्हणाली, "सोड गं. माणसं तुटतील."

"कुठली माणसं, आई?" मी विचारलं.

सभेत प्रत्येक उमेदवाराला विचारतात, का उभे राहिलात. माझ्या आधीचे दोघं संस्कृती, नवी पिढी वगैरे बोलले. मी त्या दिवशीचं सगळं सांगितलं. दारातलं ते वाक्य जसंच्या तसं. अध्यक्ष उठले. "तुझा गैरसमज झालाय. आपल्यात असलं कुणी मानत नाही. नाव मागे घे, आपण घरी बसून बोलू."

"घरी आला होतात, काका," मी म्हणाले. "तेव्हाच बोललात."

रडायचं नाही असं ठरवून गेले होते. रडले. सगळ्यांसमोर रडले. पण नाव मागे घेतलं नाही.

मतदान पुढच्या रविवारी आहे. बहुतेक हरेन. मग पुढच्या वेळी परत उभी राहीन, त्याच्या पुढच्या वेळीही. आणि निवडून आले तर कुणाकडेही मयत झालं की सगळ्यात आधी मी जाईन. काकांच्या घरीही जाईन. पण हक्काचा गडी म्हणून बाबांना राबवलं, तशी नाही. अध्यक्ष म्हणून जाईन. आणि कुणी कुठे जायचं, ते मी सांगेन.