सतरंजीखालचा उंदीर

केर काढायचा आणि सतरंजीखाली सारायचा, असं इंग्रजीत म्हणतात. अडचण निस्तरायची नाही, नुसती झाकायची. वर्गात हा अर्थ सांगताना मला द्वारकाकाकू आठवते.

काकू भारी टापटिपीची. एकोणीसशे पंचवीस साली सोलापुरात गाठीचा प्लेग होता. घरात उंदीर मरून पडला की घर सोडून माळावर झोपडीत राहायला जायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. नेमकं त्या दुपारी तिच्या मुलीला, प्रभाला, बघायला पाहुणे येणार होते आणि सकाळीच माजघरात मेलेला उंदीर सापडला. काकूनं तो चिमट्यानं भुईतल्या बिळात कोंबला, वर शेणाचा गोळा थापला आणि सतरंजी अंथरली.

"कुणाजवळ बोललीस तर जीभ हासडीन," ती मला म्हणाली. पाहुणे त्याच सतरंजीवर बसून पोहे खाऊन गेले.

चौथ्या दिवशी प्रभाला ताप भरला. शेजारीण डोकावताच काकूनं प्रभाच्या अंगावर गोधडी ओढली. "काही नाही हो, जराशी कणकण आहे."

गोधडीखाली प्रभानं माझा हात धरला आणि आपल्या काखेत नेला. तिथं लिंबाएवढी गाठ होती.